साखर कुठे मुरते? अल्कोहोलचं यीस्ट जनुकापासून सुधारताना

दरवर्षी प्रोजेक्टला येणाऱ्या एम.एस्सी.च्या मुलांपैकी एक तरी मला हा प्रश्न विचारतोच: "मॅडम, अल्कोहोल बनवणारं जनुक म्हणजे एडीएच. त्याच्या चार प्रती घातल्या तर अल्कोहोल चौपट होईल ना?" होत नाही. हे करून पाहून झालं आहे. १९८९ साली जर्मनीतल्या संशोधकांनी साखर फोडणारे एकेक एन्झाइम, म्हणजे ती क्रिया घडवणारं प्रथिन, यीस्टमध्ये भरमसाट वाढवून बघितले, अल्कोहोलचा वेग ढिम्म हलला नाही. यीस्टकडे हे एन्झाइम मुळातच गरजेपेक्षा जास्त असतात. वाट रुंदच आहे, ती आणखी रुंद करून गाड्या वाढत नाहीत. प्रश्न असा विचारायचा की आपण घातलेली साखर अल्कोहोल व्हायची सोडून मुरते कुठे?

या लेखात एकच बदल पहिल्यापासून शेवटपर्यंत करून दाखवते: ग्लिसरॉलकडे जाणारी साखर अडवणं. डिस्टिलरीच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना आणि कॉलेजातल्या लॅबवाल्यांना हे डोळ्यांपुढे ठेवून लिहिते आहे. गोव्यात दारू बाटलीबंद करणारे कारखाने पुष्कळ, पण त्यांना लागणारं स्पिरिट बहुतेक टँकरने घाट उतरून येतं. धारबांदोड्याच्या संजीवनी साखर कारखान्याचं गाळप गेली काही वर्षं थांबलेलं आहे, आणि तिथे इथेनॉल प्रकल्पाची चर्चा अधूनमधून होते. तो दिवस उगवेल तेव्हा यीस्ट समजणारी माणसं इथलीच असावीत असं मला मनापासून वाटतं.

आधी वही, मग जनुक

१०० किलो ग्लुकोजपासून जास्तीत जास्त ५१.१ किलो अल्कोहोल आणि ४८.९ किलो कार्बन डायऑक्साइड मिळतो. लिटरमध्ये सांगायचं तर ६४.८ लिटर. याच्यावर कोणतंही यीस्ट जाऊ शकत नाही, कितीही जनुकं बदला. चांगली चालणारी डिस्टिलरी यातलं साधारण ९० टक्के पदरात पाडते. उरलेलं यीस्टच्या वाढीत जातं, ग्लिसरॉलमध्ये जातं, थोडं आम्लांमध्ये, थोडं न आंबलेल्या साखरेच्या रूपाने स्पेंटवॉशमध्ये, म्हणजे अल्कोहोल काढून उरलेल्या सांडपाण्यात, वाहून जातं.

आता ग्लिसरॉल. १०० किलो साखरेमागे ४ किलो ग्लिसरॉल बनलं असं धरा, ही काही वावगी कल्पना नाही. ४ किलो ग्लिसरॉलला जवळपास तेवढीच साखर लागते आणि त्या साखरेतून २ किलो अल्कोहोल मिळालं असतं. ९० टक्के कार्यक्षमतेला आपल्याला ४६ किलो मिळतं. म्हणजे ग्लिसरॉल निम्म्यावर आणलं तर अल्कोहोल सव्वादोन टक्क्यांच्या आसपास वाढेल. दिवसाला ३० हजार लिटर काढणाऱ्या कारखान्यात हे साधारण ६५० लिटर झाले, रोजचे, त्याच मळीतून.

पण तुमच्या कारखान्यात चोर ग्लिसरॉलच आहे का, हे आधी बघा. वॉशमध्ये, म्हणजे आंबलेल्या द्रवात, लॅक्टिक आम्ल जास्त सापडलं तर तुमची साखर जिवाणू खातायत. तिथे उपाय स्वच्छतेचा आहे, जनुकाचा नाही. न आंबलेली साखर उरत असेल तर तापमान तपासा. गोव्यासारख्या ठिकाणी हे फार महत्त्वाचं, कारण मे महिन्यात हवाच इतकी ओली असते की कूलिंग टॉवरचं पाणी तिशीच्या आसपासच घुटमळतं. मग फर्मेंटर ३२ अंशांवर ठेवायचा म्हटलं तरी तो ३५-३६ वर चढतो. अशा टाकीत ग्लिसरॉल वाचवणारं यीस्ट टाकून काय होणार? मी हिशोबाची वही महिनाभर भरल्याशिवाय प्रायमरची, म्हणजे जनुकाच्या कामाला लागणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांची, ऑर्डर देऊ देत नाही. विद्यार्थी कुरकुरतात, पण वही भरतात.

ग्लिसरॉल का बनतं

हे नीट समजलं नाही तर पुढचं सगळं आंधळेपणाने होईल, म्हणून इथे जरा थांबते.

साखर फोडताना यीस्ट इलेक्ट्रॉन सोडतं आणि ते एनएडीएच या वाहकावर लादले जातात. वाहक मोजके असतात. ते रिकामे होऊन परत आले नाहीत तर साखर फुटणंच थांबतं. अल्कोहोल बनणं म्हणजे खरं तर हे ओझं उतरवणं: साखर फुटून झालेल्या पायरुव्हेटमधून कार्बन डायऑक्साइड निघून अॅसिटाल्डिहाइड होतं, अॅसिटाल्डिहाइड ते ओझं घेतं आणि अल्कोहोल होतं. इथपर्यंत जमाखर्च तंतोतंत जुळतो. पण यीस्टला वाढायचंही असतं. नवीन पेशीसाठी अमिनो आम्लं, चरबी वगैरे बनवताना जादा एनएडीएच तयार होतो, आणि त्या वाटेवर तो उतरवायला अॅसिटाल्डिहाइड मिळत नाही. हवा असती तर श्वसनात गेला असता. बंद टाकीत हवा नाही. मग यीस्ट थोडी साखर अर्ध्या वाटेवरून वळवतं, तिच्यावर हे जादा ओझं टाकतं आणि ग्लिसरॉल बाहेर सोडतं. ग्लिसरॉल हा कचरा नाही, ती सांडव्याची वाट आहे.

पहिल्या महायुद्धात जर्मनीला स्फोटकांसाठी ग्लिसरॉल हवं होतं तेव्हा कार्ल न्यूबर्गच्या कामावरून त्यांनी आंबवणात सल्फाइट घातलं. सल्फाइट अॅसिटाल्डिहाइडला पकडून ठेवतं, त्यामुळे अल्कोहोलची वाट अडते आणि यीस्टला झक मारत सगळं ओझं ग्लिसरॉलवर टाकावं लागतं. एका बाजूने दाबलं की दुसऱ्या बाजूने फुगतं. आपल्याला हाच तराजू उलट्या बाजूला झुकवायचा आहे.

ग्लिसरॉलचं दुसरं कामही आहे. मळीसारख्या गोड-खारट द्रवात बाहेरचा दाब पेशीतलं पाणी ओढून घेतो. त्यापासून वाचायला यीस्ट पोटात ग्लिसरॉल साठवतं.

आणि नेमकी इथेच दोन जनुकं वेगळी होतात. ग्लिसरॉलच्या वाटेवरचा पहिला एन्झाइम बनवणारी जीपीडी१ आणि जीपीडी२ ही जुळी जनुकं आहेत, पण त्यांची घंटा वेगवेगळ्या कारणाने वाजते. बाहेर साखर-मीठ वाढलं की जीपीडी१ जागं होतं, हवा संपली की जीपीडी२.

मी केलेली चूक

पहिल्यांदा मी जीपीडी१ काढलं होतं. नावातच 'एक' आहे, तेव्हा हेच मुख्य, असा माझा तेव्हाचा समज. वायपीडी या लॅबच्या नेहमीच्या माध्यमात, म्हणजे २ टक्के ग्लुकोजमध्ये, आकडे देखणे आले. ग्लिसरॉल कमी, अल्कोहोल वर. मी तो तक्ता प्रिंट करून भिंतीवर लावला. मग आम्हाला मळी देणाऱ्या घाटावरच्या एका डिस्टिलरीतले फर्मेंटेशन सेक्शनचे जुने ऑपरेटर कॅन घेऊन आले. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. २४ ब्रिक्सची (ब्रिक्स म्हणजे विरघळलेल्या घन पदार्थांचं टक्क्यांतलं माप) मळी करून शेजारी शेजारी दोन काचेच्या जार लावल्या, एकात मूळ यीस्ट, एकात माझं. दुसऱ्या दिवशी सकाळी मूळच्या जारमध्ये फेस गळ्यापर्यंत होता. माझ्या जारमध्ये कडेला एक पातळ तपकिरी वळं. काकांनी वाकून बघितलं, जारला कान लावला. "मॅडम, ह्याला मळी जड जातेय. आवाजच नाही." सूक्ष्मदर्शकाखाली पेशी सुरकुतलेल्या, मिथिलीन ब्लूने निम्म्याअधिक निळ्या, म्हणजे मेलेल्या. दाबापासून वाचवणारं जनुक मी काढून टाकलं होतं आणि त्यांना मळीत ढकललं होतं.

म्हणून: जीपीडी२ काढा, जीपीडी१ ला हात लावू नका. दोन्ही काढायचा मोह होईल. दोन्ही काढलेलं यीस्ट हवेशिवाय वाढूच शकत नाही, कारण सांडवाच बंद. जीपीडी२ काढल्यावर ग्लिसरॉल शून्यावर येत नाही, घटतं. वाढीचा वेगही थोडा मंदावतो. ही किंमत आहे आणि ती आधीच माहीत असलेली बरी.

मूळ वाण

पाठ्यपुस्तकातलं एस२८८सी घेऊ नका. त्याचा जनुकसंच १९९६ साली संपूर्ण वाचला गेला, १६ गुणसूत्रं, सुमारे ६ हजार जनुकं, शिकायला उत्तम. पण मळीत ते दुबळं आहे. औद्योगिक वाण घ्या. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला एनसीआयएम आणि चंडीगडचा एमटीसीसी हे सूक्ष्मजीवांचे दोन संग्रह आपल्याला जवळचे. किंवा ज्या डिस्टिलरीसाठी काम करताय तिच्याच टाकीत टिकून राहिलेलं यीस्ट वेगळं करा. ब्राझीलने हेच केलं. तिथल्या कारखान्यांत बाहेरून टाकलेल्या बेकरीच्या यीस्टला रानटी यीस्ट काही आठवड्यांत हुसकावून लावायचं. मग त्यांनी जिंकणारं रानटी यीस्टच उचललं, आणि पीई-२ सारखे वाण पुढे आले. काजू आपल्याकडे पोर्तुगीजांनी ब्राझीलहूनच आणला; तिथून घ्यायचा हा दुसरा धडा समजा.

बोंडवांच्या, म्हणजे काजूच्या फळांच्या, रसातूनही यीस्ट वेगळं करता येतं, आणि ते गोव्यातल्या लॅबने करावं असं मला वाटतं. मात्र व्यापारी वापर डोक्यात असेल तर २००२ च्या जैविक विविधता कायद्याखाली गोवा राज्य जैवविविधता मंडळाला आधी कळवायला लागतं.

वाण हातात आलं की तीन कामं. एका पेशीपासून वाढलेली वसाहत घ्या. ती ग्लिसरॉलमध्ये मिसळून उणे ८० अंशांत किमान दहा नळ्या ठेवा, आणि त्यातल्या दोन दुसऱ्या इमारतीतल्या फ्रीझरमध्ये. जून-जुलैत वीज कशी जाते हे मी गोव्यातल्या माणसाला सांगायला नको. तिसरं, वाणात गुणसूत्रांचे किती संच आहेत ते फ्लो सायटोमीटरने, म्हणजे पेशीतला डीएनए मोजणाऱ्या यंत्राने, तपासून घ्या. औद्योगिक वाणात सहसा दोन किंवा जास्त असतात, म्हणजे जीपीडी२ च्या दोन किंवा जास्त प्रती, आणि त्या सगळ्या काढायच्या आहेत.

परवानगी कागदावर आधी

पर्यावरण (संरक्षण) कायद्याखालचे १९८९ चे नियम जनुकीय बदल केलेल्या सूक्ष्मजीवांना लागू आहेत. बेकरीचं यीस्ट सर्वांत कमी धोक्याच्या गटात येतं, पहिल्या पातळीची जैवसुरक्षा पुरते. तरी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीकडे काम सुरू होण्याआधी प्रस्ताव जायलाच हवा. लॅबबाहेर, मोठ्या टाकीत न्यायचं असेल तर प्रकरण आरसीजीएम आणि पुढे जीईएसी या केंद्रीय समित्यांकडे जातं. "आम्ही परकं जनुक घातलंच नाही, फक्त काढलं" हा युक्तिवाद स्वतःच करून स्वतःच मान्य करू नका. ते समितीला ठरवू द्या.

आराखडा

क्रिस्पर ही जनुक कापण्याची पद्धत यीस्टमध्ये २०१३ पासून वापरात आहे आणि आपल्या कामाला अगदी योग्य, कारण एकाच फटक्यात सगळ्या प्रती कापता येतात. त्यातलं कॅस९ हे प्रथिन २० अक्षरांच्या (अक्षर म्हणजे डीएनए-आरएनएच्या साखळीतला एक दुवा) मार्गदर्शक आरएनएने सांगितलेल्या जागी डीएनए कापतं. अट एवढीच की त्या २० अक्षरांना लागून पुढे 'एनजीजी' हवं, म्हणजे कोणतंही एक अक्षर आणि मग दोन जी.

इथे घाईत होणारी चूक अशी: मार्गदर्शक आरएनएचा क्रम एस२८८सीच्या माहितीवरून निवडला जातो. तुमच्या वाणात त्या जागी एखादं अक्षर वेगळं असू शकतं, किंवा दोनपैकी एकाच प्रतीत वेगळं असू शकतं. मग एक प्रत कापली जाते, दुसरी सुखरूप राहते. आधी तुमच्या वाणाचा जीपीडी२ चा भाग पीसीआरने, म्हणजे डीएनएच्या एका तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याच्या पद्धतीने, वाढवून वाचून घ्या, आणि दोन्ही प्रतींत समान असलेलीच जागा निवडा. ती जागा जीपीडी१ शी जुळत नाही ना, हेही बघा, ही जुळी जनुकं आहेत.

कापल्यावर यीस्ट ती जखम शिवतं, आणि शिवताना जवळ जुळणारा डीएनए दिसला तर तो नमुना म्हणून वापरतं. हा यीस्टचा मोठा गुण. आपण नमुना द्यायचा १२० अक्षरांचा: जीपीडी२ च्या लगेच आधीची ६० आणि लगेच नंतरची ६०, मधलं जनुक गायब. यीस्ट शिवतं तेव्हा मधले १३२३ अक्षरांचे जनुक वगळूनच शिवतं.

कॅस९ आणि मार्गदर्शक आरएनए एका प्लाझ्मिडवर, म्हणजे गुणसूत्राबाहेर राहणाऱ्या डीएनएच्या गोल तुकड्यावर, ठेवा. औद्योगिक वाणात लॅबच्या वाणांसारखी पोषणाची व्यंगं नसतात, त्यामुळे प्लाझ्मिड शिरलेल्या पेशी निवडायला अँटिबायोटिकची खूण, म्हणजे त्याला प्रतिकार देणारं जनुक, लागते, जी४१८ ची कॅनएमएक्स किंवा नौर्सिओथ्रिसिनची. जी४१८ नेहमी २०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर वापरतात, पण तुमचं मूळ वाण तेवढ्यावर खरंच मरतं का हे आधी प्लेटवर बघा. काही मरत नाहीत. प्लाझ्मिड नंतर काढून टाकायचं आहे, म्हणून खूण गुणसूत्रात घालू नका.

ट्रान्सफॉर्मेशनचा दिवस

ट्रान्सफॉर्मेशन म्हणजे बाहेरचा डीएनए पेशीत घालणं. त्यासाठी लिथियम अॅसिटेटची पद्धत वापरा. संध्याकाळी ५ मिलि वायपीडीमध्ये यीस्ट लावा, ३० अंश, हलतं. सकाळी पेशी मोजा आणि ५० मिलि ताज्या, कोमट वायपीडीमध्ये मिलिलिटरला ५० लाख या प्रमाणात घ्या. साधारण चार तासांत त्या दोनदा दुप्पट होऊन २ कोटींवर येतात. वेळेपेक्षा मोजणीवर विश्वास ठेवा, काही औद्योगिक वाणांना पाच तास लागतात आणि काही वाणांच्या पेशी गुच्छात राहतात.

पेशी खाली बसवा, निर्जंतुक पाण्याने धुवा, १ मिलि पाण्यात घ्या. त्यातल्या १०० मायक्रोलिटर एका प्रयोगाला. पुन्हा बसवून पाणी काढा आणि या क्रमाने घाला: ५० टक्के पीईजी ३३५० चे २४० मायक्रोलिटर, १ मोलर लिथियम अॅसिटेट ३६, उकळून बर्फात गार केलेला सामन माशाचा एकपदरी डीएनए ५०, आणि तुमचं प्लाझ्मिड व नमुना मिळून ३४. एकूण ३६०. जोरात मिसळा, गुठळी राहता कामा नये. ४२ अंशांच्या पाण्यात ४० मिनिटं.

पीईजीची बाटली घट्ट बंद ठेवा. पाणी उडून ते थोडं घट्ट झालं तरी वसाहतींची संख्या कोसळते. आमच्याकडे एक अख्खा महिना याच कारणाने वाया गेला आणि आम्ही प्लाझ्मिडला दोष देत राहिलो.

नंतर पेशी थेट अँटिबायोटिकवर पसरू नका. वायपीडीमध्ये दोन-तीन तास सावरू द्या, प्रतिकाराचं प्रथिन तयार व्हायला तेवढा वेळ लागतो. मग प्लेटवर. पावसाळ्यात प्लेटच्या झाकणाला पाणी सुटतं आणि वसाहती वाहून एकमेकींत मिसळतात, तेव्हा ओतलेल्या प्लेट दोन दिवस उलट्या वाळवून घ्या. आणि गणेश चवथीच्या आठवड्यात हा प्रयोग लावू नका. तिसऱ्या दिवशी प्लेट बघायला कुणीतरी लॅबमध्ये असावं लागतं, आणि तेव्हा सगळा गोवा आपापल्या घरी गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधत असतो.

सोबत तीन प्लेट जास्तीच्या लावाच. डीएनए न घातलेल्या पेशी: काहीही उगवता कामा नये. मार्गदर्शक नसलेलं कॅस९ प्लाझ्मिड: भरपूर उगवायला हवं, म्हणजे ट्रान्सफॉर्मेशन जमलं. मार्गदर्शक आहे पण नमुना नाही: अगदी थोडं उगवायला हवं, कारण कापलेल्या पेशी मरतात. आता खऱ्या प्लेटवर, म्हणजे मार्गदर्शक आणि नमुना दोन्ही असलेल्या, तिसऱ्या प्लेटपेक्षा ठळक जास्त वसाहती असतील तर नमुना वापरला गेला. तिसऱ्या प्लेटवरही भरपूर वसाहती दिसल्या तर तुमचं मार्गदर्शक कापतच नाही, पुढे जाण्यात अर्थ नाही, दुसरी जागा निवडा.

पट्टी एक की दोन

आठ-दहा वसाहती घ्या. प्रत्येकीचा कण २० मिलिमोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये दहा मिनिटं उकळा, तेच पीसीआरला पुरतं. प्रायमर जनुकाच्या बाहेर ठेवा, दोन्ही बाजूंना ४०० अक्षरांवर. पीसीआरचे तुकडे जेलवर लांबीप्रमाणे वेगळे होऊन पट्ट्या दिसतात: मूळ वाणाची पट्टी २१०० अक्षरांच्या थोडी वर, जनुक गेलेल्याची ८०० वर. फक्त ८०० ची पट्टी हवी. दोन्ही दिसल्या तर एक प्रत शिल्लक आहे. लहान तुकडा पीसीआरमध्ये सहज वाढतो आणि मोठ्याची पट्टी फिकट होऊन नजरेतून निसटते, म्हणून जनुकाच्या आतल्या प्रायमरने आणखी एक पीसीआर करा आणि तिथे काहीच येत नाही याची खात्री करा. मग ८०० चा तुकडा वाचून घ्या.

प्लाझ्मिड काढायला यीस्ट दोन दिवस अँटिबायोटिकशिवाय वाढवा, सुट्या वसाहती पसरवा, प्रत्येक वसाहत साध्या आणि जी४१८ च्या प्लेटवर टोचा. साध्यावर उगवते आणि जी४१८ वर मरते ती आपली.

तराजूवरची परीक्षा

हा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण याला महागडं यंत्र लागत नाही. अल्कोहोलचा एक रेणू बनला की कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू उडून जातो. फ्लास्कचं वजन जितकं घटलं त्याला १.०४७ ने गुणा, तेवढं अल्कोहोल झालं. ग्लिसरॉल बनताना वायू सुटत नाही, त्यामुळे ते या मोजणीत लुडबुड करत नाही.

तुमच्या कारखान्याचीच मळी घ्या, तिथल्याच ब्रिक्सची, तिथलाच युरिया आणि फॉस्फेट, आणि तिथल्या टाकीचं खरं तापमान. २५० मिलिच्या फ्लास्कमध्ये १०० मिलि. त्यात आंबू शकणारी साखर १६ ग्रॅम असेल तर जास्तीत जास्त ७.८ ग्रॅम घट शक्य. घट ७ ग्रॅम आली तर कार्यक्षमता साडेनव्व्याऐंशी टक्के, अल्कोहोल ७.३ ग्रॅम. बुचातून बारीक वाकडी नळी काढा म्हणजे वायू सुटेल पण पाणी कमी उडेल. यीस्ट न घातलेला एक फ्लास्क शेजारी ठेवा आणि त्याची घट सगळ्यांतून वजा करा. दर चार-सहा तासांनी वजन लिहा.

आपण शोधतोय तो फरक दोन टक्क्यांचा, म्हणजे ०.१४ ग्रॅमचा. एकेक फ्लास्क लावून तो दिसणार नाही. मूळ वाणाचे चार, नव्याचे चार, आणि सगळा प्रयोग वेगळ्या दिवशी पुन्हा. शेवटी ग्लिसरॉल, अॅसिटेट आणि उरलेली साखर एचपीएलसीवर, म्हणजे द्रवातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, मोजा; कॉलेजात नसेल तर एखाद्या विद्यापीठातून करून मिळते. अल्कोहोल वाढलं पण ग्लिसरॉल घटलं नाही, असा निकाल आला तर तो आनंदाचा नाही, मोजणीत कुठेतरी गोंधळ आहे.

वेळेकडेही बघा. नवं यीस्ट दोन टक्के जास्त देतं पण टाकी सहा तास जास्त अडवतं, असं असेल तर मॅनेजर ते घेणार नाही आणि त्याचं बरोबर असेल. मंद वाढीवर एक उपाय ब्राझीलचाच आहे. तिथे आंबवण संपलं की यीस्ट सेंट्रीफ्यूजने काढतात, सौम्य सल्फ्युरिक आम्लात पीएच २ ते २.५ वर एक-दोन तास धुतात आणि ९० टक्क्यांहून जास्त पुन्हा वापरतात. पेशी दर वेळी नव्याने वाढवाव्या लागत नाहीत, आणि वाढ कमी म्हणजे जादा एनएडीएच कमी, म्हणजे ग्लिसरॉलही कमी. माझं स्पष्ट मत आहे की ज्या डिस्टिलरीत हे होत नाही तिने जनुकापर्यंत येण्याआधी हे करून बघावं.

पुढच्या दोन वाटा थोडक्यात. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या गटाने २०१० मध्ये दोन्ही जीपीडी काढून त्यांच्या जागी ई. कोलाय या जिवाणूचं एक जनुक घातलं, आणि यीस्ट जादा ओझं अॅसिटेटवर उतरवून त्याचंही अल्कोहोल करायला लागलं. मात्र माध्यमात अॅसिटेट हवं. उष्णतेसाठी ईआरजी३ या जनुकातले बदल ४० अंशांवर वाढायला मदत करतात असं २०१४ मध्ये दिसलं, आणि गोव्याच्या उन्हाळ्यासाठी मला ती वाट जास्त खुणावते.

टाकीपर्यंत आणि टाकीनंतर

लॅबमध्ये जिंकलेलं यीस्ट सलग दहा बॅच त्याच मळीत, निर्जंतुक न करता, चालवा. दर दुसऱ्या बॅचला तीस वसाहती घेऊन वरचाच पीसीआर करा. ८०० ची पट्टी देणाऱ्या वसाहती तीसवरून वीसवर, दहावर उतरत गेल्या तर रानटी यीस्ट आत शिरलंय आणि तुमच्यापेक्षा जोमाने वाढतंय. वाण बदला, नाहीतर दर काही बॅचनंतर ताजं यीस्ट देण्याचा खर्च धरा.

काम झालेलं यीस्ट मारूनच बाहेर सोडायचं. वॉश डिस्टिलेशनच्या कॉलममधून जातो तेव्हा त्यातल्या पेशी मरतात. पण टाकीच्या तळाचा गाळ, सेंट्रीफ्यूजचं धुवण, सॅम्पलच्या बाटल्या, फेस उतू जाऊन जमिनीवर सांडलेलं, हे कॉलममधून जात नाही. त्याला वाफेची वेगळी टाकी लागते आणि तिची नोंदवही लागते.

गोव्यात मला याची जास्त काळजी वाटते ती भाटीमुळे, म्हणजे फेणी गाळण्याच्या जागेमुळे. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भाटीवर बाहेरून यीस्ट घालत नाहीत. बोंडवांच्या सालीवरचं, भांड्यातलं, त्या जागेचं जे असतं तेच रस आंबवतं, आणि ऊर्राकाचा, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या दारूचा, वास एका वाड्यातून दुसऱ्या वाड्यात बदलतो तो काही अंशी त्यामुळेच. औद्योगिक स्पिरिटसाठी घडवलेल्या यीस्टचं तिथे काही काम नाही. सत्तरीत माझ्या माहेरची काजूची बाग आहे. मार्च ते मेपर्यंत मी लॅबमध्ये एकच नियम भिंतीवर लिहून ठेवते: बोंडवांच्या रसाचे नमुने बंद नळीतून भाटीकडून लॅबमध्ये येतील, लॅबमधून भाटीकडे काहीही जाणार नाही. ज्या दिवशी मी प्लेटवर काम केलेलं असतं त्या दिवशी मी घरी जाऊन अंघोळ करून, कपडे बदलूनच माहेरी जाते, आणि रस काढायच्या जागेपासून लांब बसते.